मोठ्या टायपाची पोथी: घरातल्या वयस्क माणसासाठी घेताना

सहस्रचंद्रदर्शनाला शालीच्या जोडीनं हमखास येणारी भेट म्हणजे भलीमोठी ज्ञानेश्वरी. खोक्यात घातलेली, गुळगुळीत कागदाची, पानोपानी रंगीत वेलबुट्टी आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘मोठा टाइप’. चार दिवस ती देवघरापुढे असते, मग कपाटावर जाते आणि आजी पुन्हा आपल्या कडा झिजलेल्या जुन्या पोथीकडे वळतात. घरच्यांना वाटतं, सवय आहे, दुसरं काय. पुष्कळदा सवयीचा प्रश्नच नसतो. नवी पोथी वाचायला खरोखर जड जाते, आणि भेट प्रेमानं दिलेली असल्यामुळे आजी ते बोलून दाखवत नाहीत.

हे परीक्षण कोणा एका प्रकाशनाचं नाही. ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र, दासबोध, श्रीगजानन विजय, हरिपाठ, मनाचे श्लोक यांच्या ‘मोठ्या टायपाच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतींचं आहे, आणि त्यांच्यासोबत लागणाऱ्या व्यासपीठ (म्हणजे वाचताना पोथी ठेवायचा स्टँड), दिवा, भिंग या वस्तूंचंही. कसोटी एकच लावली आहे: ऐंशीच्या घरातल्या माणसाला कोणालाही हाक न मारता, सलग वीस मिनिटं, स्वतःच्या डोळ्यांनी आपला नेम पुरा करता येतो का? उतारवयात औषधांच्या वेळा, बँकेचं पासबुक, बाहेर जाणं-येणं, सगळं हळूहळू दुसऱ्याच्या हातात जातं. नित्यपाठ शेवटपर्यंत स्वतःचा राहू शकतो. म्हणून ‘आम्ही वाचून दाखवतो ना’ हा पर्याय कितीही मायेचा असला तरी तो दुसऱ्या क्रमांकाचा. आधी हातातलं पुस्तक नीट निवडावं.

अक्षर किती मोठं असावं

वेष्टनावरच्या ‘मोठा टाइप’ या शब्दांना ठरलेलं माप नाही. पॉइंट हे छपाईतलं अक्षराच्या आकाराचं माप. १४ पॉइंटचं अक्षरही त्या नावाखाली विकलं जातं आणि २२ पॉइंटचंही. गीता प्रेससारख्या संस्थेच्या यादीत ‘बृहदाकार’, ‘ग्रंथाकार’, ‘मझला’, ‘गुटका’ असे शब्द असतात, पण ती पुस्तकाच्या आकाराची नावं आहेत. मोठ्या पुस्तकात अक्षर मोठंच असेल असं धरून चालू नये.

त्यामुळे दुकानात जाताना खिशात लहान फूटपट्टी असू द्या. ‘म’ किंवा ‘प’ घ्या आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, वरखालच्या मात्रा-उकार सोडून. गुटक्यात हे माप जेमतेम २ मिलिमीटर भरतं. साध्या पोथीत अडीच. साडेतीन ते चार मिलिमीटर म्हणजे साधारण १८ पॉइंट, आणि वयस्क वाचकासाठी मोठा टाइप म्हणायचा तर सुरुवात इथून. चष्मा लावूनही वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचता येत असतील तर साडेचार मिलिमीटरच्या खाली उतरू नका. इंग्रजी पुस्तकांसाठी १६ ते १८ पॉइंट पुरेसे धरतात, पण तो हिशेब देवनागरीला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार, ऋकार खाली, त्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षराला जागा कमी उरते.

आकारानंतर ठिपके पाहा. जुन्या मराठीत अनुस्वारांची गर्दी असते: आतां, तेणें, तूं, जें. अनुस्वार बारीक असेल तर मोतीबिंदूच्या डोळ्याला तो दिसतच नाही आणि ‘तें’चं ‘ते’ होतं. पाठ असलेला माणूस ते सावरून घेतो, नव्यानं वाचणारा अडखळतो. त्यानंतर जोड्या तपासा: ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. चांगल्या टायपात यांतला फरक हातभर अंतरावरूनही कळतो. काही टायपांत उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसासारख्या बारीक असतात. लग्नपत्रिकेवर ते छान दिसतं. उतारवयात मात्र त्या बारीक रेघाच आधी पुसट होतात आणि ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ गेली की उरतो तो ‘व’. सगळीकडे सारख्या जाडीचा, मध्यम ठळक टाइप सर्वांत बरा. अतिठळकही नको, त्यात ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांची पोटं भरून जाऊन काळे गोळे होतात.

ओव्यांची मांडणी हा तिसरा मुद्दा, आणि बहुतेक स्वस्त प्रती इथेच नापास होतात. कागद वाचवण्यासाठी ओव्या गद्यासारख्या सलग छापतात: एक ओवी ओळीच्या मध्येच संपते, लगेच आकडा, लगेच पुढची ओवी. तरुण डोळ्याला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, त्यांची नजर ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना हमखास चुकते. मग तीच ओळ पुन्हा वाचली जाते, नाहीतर एक ओळ गळते. प्रत्येक ओवी नव्या ओळीवर, दोन ओळींत, चरण न तोडता, आकडा उजव्या कडेला आणि दोन ओव्यांमध्ये थोडी मोकळी जागा, अशीच प्रत घ्या. पाठ करताना ओवी चुकण्याची भीती श्रद्धावान माणसाला फार असते. ‘माझा नेम नीट होत नाही’ या खंतीनं वाचन सोडून देणारे बरेच असतात, आणि कधी कधी दोष केवळ ओळी कशा छापल्या याचा असतो.

कागद, वजन, बांधणी

१२ पॉइंटचं अक्षर २० पॉइंट केलं की उंची आणि रुंदी दोन्ही वाढतात आणि पानं जवळजवळ पावणेतीन पट होतात. तीनशे पानांची पोथी त्याच आकारात आठशेच्या वर जाते. प्रकाशकाची अडचण इथे आहे आणि बहुतेक तडजोडीही इथूनच निघतात.

ज्ञानेश्वरीचाच हिशेब करून पाहा. ९०३३ ओव्या, २० पॉइंट, प्रत्येकी दोन ओळी. नेहमीच्या वहीएवढ्या, म्हणजे ए-५ पानावर आठेक ओव्या बसतात. अकराशेच्या वर पानं झाली, आणि ही फक्त मूळ ओव्यांची. सार्थ प्रत हवी असेल तर अर्थ वेगळा. म्हणून एकाच खंडातली ‘सार्थ, मोठा टाइप’ ज्ञानेश्वरी दिसली की आत उघडून पाहाच. ओव्या मोठ्या आणि अर्थ मुंगीएवढा, किंवा कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं इकडे उमटलेली. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला पाठच्या अक्षरांची ती सावली फार छळते, कारण काळा-पांढरा भेद ओळखण्याची ताकद आधीच कमी झालेली असते. तपासायचं कसं? एक पान उचलून त्यामागे आपला हात धरा. बोटांच्या कडा स्पष्ट दिसल्या तर कागद पातळ. ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), किंचित पिवळसर, चमक नसलेला मॅपलिथो कागद सर्वांत चांगला. भेटीच्या प्रतींना वापरतात तो गुळगुळीत आर्ट पेपर दिसायला श्रीमंत, पण ट्यूबलाइटचा पट्टा पानावर उमटतो आणि वाचणारा मान वाकडी करून अक्षरं शोधत बसतो.

वजनाचाही हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराची आठशे पानं म्हणजे चारशे कागद. ७० जीएसएमला ते पावणेदोन किलो होतात, आर्ट पेपर असेल तर सव्वादोन किलोच्या पुढे, पुठ्ठा वेगळा. संधिवाताच्या बोटांनी हे रोज उचलून व्यासपीठावर ठेवणं शक्य नाही. मग कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि रोज हाक मारण्यापेक्षा माणूस वाचन टाळतो.

यावर उपाय दोन खंडांचा. वर सांगितलेल्या ए-५ आकाराच्या मूळ ज्ञानेश्वरीचे दोन भाग केले तर प्रत्येकाचा कागद सहाशे ग्रॅमच्या आसपास येतो, तो एका हातानं उचलता येतो. बाराव्या अध्यायापाशी खंड पाडला तर पहिल्या भागात निम्म्याहून थोड्या कमी ओव्या येतात, ती वाटणी सोयीची आहे.

गुरुचरित्राचे खंड घेताना मात्र जास्त जपायला हवं. सप्ताहाची नेहमीची विभागणी अशी: पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या ३५, पाचव्या ३८, सहाव्या ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. खंड २१, २९ किंवा ३५ व्या अध्यायाला संपत असेल तर उत्तम. पानांची समान वाटणी म्हणून २५ व्या अध्यायावर तोडलेला खंड असेल तर तिसऱ्या दिवशी बसल्या आसनावरून दुसरं पुस्तक मागावं लागतं. पारायणात मध्येच उठायचं नाही हा नेम पाळणाऱ्यांना याचा किती त्रास होतो हे छापणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. दासगणू महाराजांचं श्रीगजानन विजय २१ अध्यायांचंच असल्यामुळे मोठ्या टायपातही एका खंडात आटोपशीर राहतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

बांधणी पाहायची तर पुस्तक बरोबर मध्ये उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. उघडंच राहिलं तर ठीक. मिटलं तर ते बहुधा नुसत्या गमानं चिकटवलेलं आहे. गमाच्या बांधणीत मधल्या बाजूची अक्षरं दरीत जातात, वाचणारा पान दाबून धरतो, वर्षभरात कणा तडकतो आणि पानं सुटतात. शिवलेल्या बांधणीत फॉर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, मधोमध दोरा दिसतो, तो दिसेपर्यंत पानं उलटून पाहा. आतल्या बाजूचा समास किमान दोन सेंटिमीटर असावा. खूणगाठीची फीत असेल तर चांगलं. नसेल तर रुंद, गडद रंगाची फीत बायंडरकडून चिकटवून घ्या, बारीक सोनेरी दोरा वयस्क बोटांना सापडत नाही.

इथे जुन्या पद्धतीच्या सुट्या पानांच्या पोथीचं कौतुक करायलाच हवं. आडवं पान, वरून खाली उलटायचं, वाचून झालेली पानं पलीकडे आणि सगळी बासनात बांधलेली. हातात एका वेळी एकच पान, वजन नाही, कणा नाही, दरी नाही, हवं तितकं जवळ धरता येतं. ज्यांचे हात स्थिर आहेत पण नजर गेली आहे, त्यांना ही आजही फार सोयीची आहे. हात थरथरत असतील तर नको. पानं निसटली आणि क्रम बिघडला तर तो लावताना म्हाताऱ्या माणसाची फार घालमेल होते.

पाठ बदलू नये

नवी प्रत घेताना घरचे विसरतात ती गोष्ट म्हणजे पाठभेद. गुरुचरित्राच्या प्रती ५१, ५२ आणि ५३ अध्यायांच्या मिळतात. इतर ग्रंथांतही प्रतीप्रतीत शब्द बदलतात. पन्नास वर्षं एकच पाठ म्हटलेल्या माणसाच्या तोंडात तो बसलेला असतो. छापलेलं नुसतं आधाराला असतं. समोर वेगळा शब्द आला की तोंड एक म्हणतं, डोळे दुसरं पाहतात आणि लय तुटते. खरेदीला जाण्यापूर्वी जुन्या पोथीचं मुखपृष्ठ, पहिलं पान, शेवटचं पान आणि दोन-तीन अध्यायांच्या शेवटच्या ओव्यांचे आकडे यांचे फोटो काढा आणि दुकानात ताडून पाहा. आकडे जुळले तर पाठ बहुधा तोच. त्याच प्रकाशनाची मोठ्या टायपातली प्रत निघते का, हेही आधी विचारा.

जुनी पोथी टाकायची नाही, हे वेगळं सांगायला नको. तिच्यावरची हळदकुंकवाची बोटं, पानांत वाळलेलं तुळशीपत्र, मलपृष्ठाच्या आत लिहिलेल्या घरातल्या जन्मतिथी, हा सगळा त्या माणसाच्या भक्तीचा भाग आहे. बासनात बांधून देवघरातच ठेवा. नवी वाचायची, जुनीला नमस्कार करायचा, ही वाटणी बहुतेकांना सहज पटते.

व्यासपीठ आणि अंतर

पुस्तक उत्तम निवडूनही वाचता येत नाही असं झालं, तर दोष बहुधा अंतराचा असतो. जवळचा चष्मा साधारणपणे ४० सेंटिमीटरवर बसवलेला असतो. जवळचं वाचण्यासाठी लांबच्या नंबरात जी भर घालतात, ती +२.५ असेल तर ४० सेंटिमीटर, +३ असेल तर ३३. जमिनीवर आसन घालून पुढे बुटकं व्यासपीठ ठेवलं तर डोळ्यापासून पानाचं अंतर ५५ ते ६० सेंटिमीटर भरतं. म्हणजे चष्म्याचं एक अंतर आणि पोथीचं दुसरं. शिवाय ४० वरून ६० वर गेल्यावर अक्षर दिसायला दोन-तृतीयांश होतं, १८ पॉइंटची पोथी १२ पॉइंटची होऊन बसते. मोठ्या टायपाला मोजलेले जास्तीचे पैसे इथे वाया जातात.

उपाय दोन. एक म्हणजे रोजच्या जागी, रोजच्या बैठकीत टेपनं अंतर मोजून चष्मेवाल्याला सांगायचं. ५० सेंटिमीटरला +२ ची भर लागते आणि फक्त पाठासाठी वेगळा चष्मा करून घेता येतो. तो देवघरातच ठेवला तर हरवतही नाही. दुसरा उपाय पोथी वर आणण्याचा.

फुलीसारखं उघडणारं कोरीव लाकडी व्यासपीठ दिसायला सुरेख, पण ते पातळ पोथीचं. जाड पुस्तक त्याच्या खोबणीत रुततं, मधली अक्षरं झाकली जातात आणि कोरीव कडा पुठ्ठ्याला खातात. मोठ्या पोथीला सपाट, तिरपं, ३० ते ४५ अंशांत लावता येणारं व्यासपीठ घ्या, खाली दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी आणि पानं धरायला दोन बाजूंना चाप. रुंदी उघड्या पुस्तकापेक्षा थोडी जास्त हवी: ए-५ ला ३२ सेंटिमीटर, ए-४ ला ४५. ॲक्रिलिकचं घेऊ नका, ते चकाकतं आणि घसरतं. फार उभं लावलेलं व्यासपीठही वाईट. बायफोकल चष्म्यात वाचायची काच खाली असते, पोथी डोळ्यांसमोर उभी असली की हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि पंधरा मिनिटांत मान दुखते.

गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण खुर्चीवर बसून पोथी वाचणं मनाला पटत नाही, अशी अडचण अनेक घरांत असते. हट्टानं समजूत घालण्यापेक्षा मांडणी बदला. ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची, हात असलेली, न डुगडुगणारी खुर्ची, तिच्यावर रोजचं लोकरीचं आसन, पायाखाली पाट, समोर टेबलावर धूतवस्त्र आणि त्यावर व्यासपीठ. आसन तेच राहिलं की पुष्कळांचं मन तयार होतं. नाही झालं तर त्यांच्या गुरुपरंपरेतल्या जाणत्या माणसाला विचारून त्यांच्याच तोंडून सांगू द्या. मुलांनी शास्त्र शिकवायला जाऊ नये.

दिव्याबद्दल थोडक्यात. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे घरातल्या इतरांना पुरेसा वाटणारा उजेड त्यांना अपुरा असतो. देवघरातले शोभेचे दिवे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येतात आणि पानावर काहीच पडत नाही. मान वळणारा एलईडी दिवा खांद्यामागून, थोडा बाजूनं पानावर पडेल असा लावा. मोतीबिंदू असेल तर समोरच्या समईच्या ज्योतीभोवती वलयं दिसतात. समई सरळ नजरेतून काढून एका बाजूला घ्या, आणि पदर किंवा शालीचं टोक जाणार नाही इतकी लांब. ही गोष्ट सोयीपेक्षा सुरक्षिततेची आहे.

भिंग, झेरॉक्स, टॅब

हातात धरायचं भिंग पाठासाठी निरुपयोगी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हात भरून येतो, थरथरतो, आणि भिंग जितकं जास्त वाढवतं तितकी कमी जागा दाखवतं. पाचपट भिंगात दोन-तीन शब्द मावतात, ओवीची लय राहत नाही. पानभर आकाराचं प्लॅस्टिकचं पातळ भिंग उजेड परावर्तित करतं आणि कडांना अक्षरं वाकवतं. त्यातल्या त्यात पानावर ठेवून सरकवायचं घुमटाकार भिंग चांगलं. ते जेमतेम दुप्पट करतं, पण आजूबाजूचा उजेड आत ओढून घेतं, कागदावर टेकलेलं असल्यामुळे थरथर चालते आणि ओळीवरून सरळ सरकतं.

रामरक्षा, अथर्वशीर्ष, हरिपाठ, करुणाष्टकं अशा छोट्या पाठांसाठी विकतच्या पुस्तकापेक्षा झेरॉक्स सरस आहे. ए-५ पान १४१ टक्के केलं की ए-४ होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर १७ पॉइंटचं. आणखी हवं तर २०० टक्के करून ए-३ वर घ्या. कागद १०० जीएसएम, एकाच बाजूला छाप, स्पायरल बांधणी. ती पूर्ण उलटते, सपाट राहते, वजन नगण्य. मूळ प्रत काळीकुळकुळीत छापलेली हवी, पुसट प्रतीचा डाग तेवढाच मोठा होऊन येतो. स्पायरलची वही पोथी वाटत नाही अशी तक्रार येते, ती रास्त आहे. खादीचं किंवा रेशमी वेष्टन शिवून घातलं की ती देवघरात शोभते.

टॅबवर अक्षर हवं तेवढं करता येतं आणि काळ्यावर पांढरं करता येतं. आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलेल्या काही डोळ्यांना हे उलटं रूप कागदापेक्षा सुखाचं जातं. पण स्कॅन केलेली पीडीएफ नको, तिच्यात अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. युनिकोड मजकूर हवा, म्हणजे ओळ आपोआप मोडते. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा आणि पाठाच्या वेळी विमान मोड. ज्यांना यंत्राची सवय नाही त्यांच्यावर लादू मात्र नका.

ऐकायचे भक्तीचे स्पीकर हा वेगळा विषय आहे. इतकंच सांगतो की वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि स, श, थ, फ ही व्यंजनं त्यातच येतात. टाळ-पखवाजाच्या गजरातले शब्द त्यांना कळत नाहीत. एका आवाजातला, संथ, वाद्य नसलेला पाठ निवडा. पोथी समोर उघडी ठेवून सोबत ऐकणं अनेकांना जमतं, आणि तेही वाचनच आहे.

घेण्याची वेळ आणि नेमाचं माप

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर पोथी आणि चष्मा दोन्ही थांबवा. ऑपरेशननंतर नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी घेतलेला २४ पॉइंटचा ग्रंथ नंतर विनाकारण जड वाटतो. उलट, सरळ रेघा वाकड्या दिसणं, शब्दाच्या मध्येच काळा डाग येणं, असं कोणी सांगितलं तर टाइप मोठा करत बसू नका, आधी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. ती डोळ्यातल्या पडद्याच्या आजाराची खूण असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो.

नेम कमी करायची वेळ आली तर तीही वाचणाऱ्याच्या मर्जीनं. रोजचा अख्खा अध्याय जमत नसेल तर ज्ञानेश्वरीच्या रोज २५ ओव्या वाचल्या तरी वर्षाच्या आत पूर्ण ग्रंथ होतो. २५ ओव्यांना सावकाश वाचूनही सात-आठ मिनिटं लागतात. बारावा अध्याय २४७ ओव्यांचा, अठरावा १८१० ओव्यांचा, त्यामुळे ‘रोज एक अध्याय’ हे माप उतारवयात मुळातच विषम पडतं. गुरुचरित्र झेपत नसणाऱ्यांसाठी दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींचं (वासुदेवानंद सरस्वतींचं) संक्षिप्त सप्तशती गुरुचरित्र परंपरेतच आहे, ते मोठ्या टायपात लहानशा पुस्तकात मावतं. आणि स्मृती कमी होत चाललेल्या माणसानं तेच पान रोज वाचलं तर वाचू द्या. फीत पुढे सरकवून ठेवू नका, चूक काढू नका.

खरेदीसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत गिरगाव-दादरची धार्मिक पुस्तकांची दुकानं चांगली, कारण तिथे चार प्रकाशनांच्या प्रती शेजारी शेजारी उघडून पाहता येतात. ढवळे प्रकाशन, गीता प्रेसची मराठी प्रकाशनं आणि संस्थानांच्या स्वतःच्या प्रती यांची तुलना फूटपट्टी घेऊन तिथेच करा. श्रीगजानन विजय शेगावच्या संस्थानाचंच घेणं उत्तम. आळंदी, नृसिंहवाडी, गाणगापूर इथे मंदिराबाहेरच्या दुकानांतही भरपूर प्रती असतात, पण गर्दीत घाईनं घेतलं जातं. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी आणि अधिक महिन्यात दुकानदाराला बोलायलाही वेळ नसतो, त्याच्या महिनाभर आधी जा. शक्य असेल तर वाचणाऱ्यालाच सोबत न्या. नाहीतर बदलून देण्याची बोली आधी करून घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या, आणि घरी आल्यावर पुस्तकावर नाव घालण्याआधी, कुंकू लावण्याआधी, एकदा रोजच्या जागी रोजच्या वेळेला वीस मिनिटं वाचून पाहायला सांगा. कुंकू लागलेली पोथी कोणी परत घेत नाही, आणि परत द्यायला कोणाचं मनही होत नाही.